छपराचा अंदाज: दापोलीकडच्या घराच्या नोंदी, जानेवारी ते जून २०२५

११ जानेवारी, शनिवार. पुणे

काकांचा फोन. गेल्या पावसात माजघरात गळतीखाली ठेवलेलं पातेलं अजून तिथंच आहे म्हणे, उचलावंसं वाटत नाही. "यंदा काय ते कर बाबा. पुढच्या पावसाची हमी मी घेत नाही."

म्हणजे छप्पर बदलायचं. खर्च तिघांत वाटायचा आहे: काका, मुंबईची ताई आणि मी. विहिरीच्या पंपाच्या वेळी कोणी किती दिले यावरून दोन दिवाळ्या अबोल्यात गेल्या, म्हणून या वेळी पहिल्या दिवसापासून वही.

पहिला आकडा लगेच काढला. घरपट्टीच्या उताऱ्यावर, नमुना ८ वर, घर ३६ बाय २६, म्हणजे ९३६ चौरस फूट. खेडच्या एका पत्रेवाल्या ठेकेदाराला फोन केला. पाइपचा सांगाडा आणि रंगीत पत्रा, सगळं धरून १९० रुपये फूट. गुणाकार १,७७,८४०. ताईला कळवलं, "पावणेदोन लाखांत होतंय." तिने अंगठा पाठवला.

(हा आकडा खोडत नाही. राहू दे इथंच.)

२५ जानेवारी, शनिवार. गाव

सकाळी टेप, ओळंबा आणि पाण्याची नळी घेऊन बसलो. उताऱ्यावर भिंतींचं माप असतं. छप्पर भिंतीवर थांबत नाही, पुढे पडवीवर उतरतं, मागे परसदारी न्हाणीवर उतरतं, दोन्ही बाजूंना वळचण, म्हणजे छपराची खालची कड, बाहेर येते. वळचणीपासून वळचणीपर्यंत जमिनीवर ओळंबे सोडून मोजलं: लांबी ४४ फूट, रुंदी ३४. इथंच १,४९६ झाले.

त्यात उतार. घर दुपाखी, म्हणजे दोन उतारांचं आहे, आढं (छपराचा वरचा कणा) दक्षिणोत्तर. माळ्यावर चढून आढ्यापासून वळचणीच्या पातळीपर्यंतची उंची काढली, साडेनऊ फूट. अर्धी रुंदी १७ फूट. शाळेतला काटकोन त्रिकोण: सतराचा वर्ग २८९, साडेनऊचा ९०.२५, बेरीज ३७९.२५, वर्गमूळ साडेएकोणीसला जेमतेम कमी. म्हणजे एका पाख्याची तिरकी लांबी साडेएकोणीस फूट. साडेएकोणीस गुणिले ४४ गुणिले २ बरोबर १,७१६ चौरस फूट. शंभर चौरस फुटांचा एक ब्रास, सव्वासतरा ब्रास धरायला हरकत नाही.

९३६ आणि १,७१६. त्याच १९० च्या भावाने ३,२६,०४०. ताईला अजून सांगितलेलं नाही. दुपारी मासे आहेत, ते आधी.

संध्याकाळी कौलं मोजली. पश्चिमेच्या पाख्यावर खालून दिसतात तेवढ्या ओळी १९. एका ओळीत, फुटकी-गायब धरून, ६४ मावतात. दोन्ही पाखी मिळून २,४३२. मेस्त्री लोक ब्रासला १४० कौलं धरतात, त्या हिशोबाने २,४०२ येतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ आले की बरं वाटतं.

एक कौल आंबे तोलायच्या काट्यावर ठेवलं: २ किलो ४०० ग्रॅम. मग ते रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं.

२६ जानेवारी, रविवार. गाव

बादलीतलं कौल सकाळी पुसून पुन्हा तोललं. २ किलो ७५०. साडेतीनशे ग्रॅम पाणी प्यायलं. २,४३२ ने गुणलं तर कोरड्या छपराचं वजन ५,८३७ किलो आणि पावसात भिजलेल्याचं ६,६८८. म्हणजे नेमके वाशांना सर्वांत जड जातात ते चार महिने त्यांच्यावर साडेआठशे किलो जास्तीचे. काका म्हणाले, "म्हणजे श्रावणात छपरावर गाय चढते म्हण ना." दोन गाई, काका.

मग मुख्य काम. कौलं सरकवून वासे बघायला सुताराला बोलावलं होतं. हे मेस्त्री साठीच्या पुढचे, खूप वर्षांपासून घर ओळखणारे. माझ्या हातात बॅटरी आणि मोबाइल, त्यांच्या हातात फक्त स्क्रू-ड्रायव्हर. ते प्रत्येक वाशावर आधी मुठीने ठोकायचे, ऐकायचे, आणि आवाज पोकळ आला की भिंतीवर टेकतो त्या जागी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबायचे. पूर्वेचे वासे खणखणीत. ऐनाचं लाकूड, धुराने काळं झालेलं, टोक अर्धा सूत आत गेलं तर शपथ. पश्चिमेच्या सातव्या वाशावर टोक घुसलं ते दस्त्यापर्यंत. बाहेर काढलं तर मागून वाळवीची माती सांडली, चहाच्या पुडीसारखी.

"बाहेरनं वासा नि आतनं भुसा," मेस्त्री म्हणाले. खडूने फुली मारली. पश्चिमेला अशा १४ फुल्या. आढ्याचाही एक १४ फुटी तुकडा गेलेला. रिपा, म्हणजे वाशांवरच्या कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या, सगळ्याच बदलाव्या लागणार, कारण कौलं काढताना निम्म्या मोडतातच आणि उरलेल्यांत खिळा धरत नाही.

पश्चिमच का, हे विचारायची गरज नव्हती. पाऊस तिकडून येतो, परसदारचा आंबाही तिकडेच, त्याचा पाला कौलांच्या खाचांत साचतो. शिवाय ३ जून २०२०. निसर्ग वादळात पश्चिमेची सहा-सातशे कौलं उडाली तेव्हा पाऊस तोंडावर होता, सगळ्या तालुक्याला एकदमच कौलं हवी होती, जिथं मिळाली तिथून आणली. आज खाली उतरवून बघितली तर तीन कारखान्यांची निघाली. मंगळुरी कौल म्हणजे सगळं एक, असं आपण समजतो. खाच आणि कड प्रत्येक कारखान्याची थोडी वेगळी. दोन घराण्यांची कौलं शेजारी बसवली की वरून दिसतात ठीक, पण खाचेत कड नीट बसत नाही आणि वाऱ्याचा पाऊस त्या फटीतून आत येतो. देवघराजवळची गळती बरोबर अशा जोडाखाली आहे. पाच वर्षं आम्ही तिथं डांबर, सिमेंट, प्लॅस्टिक घालत होतो.

एका कौलाच्या पोटावर बासेल मिशनचं नाव आणि १८६५ हे साल. काका ते कौल पाहुण्यांना दाखवतात, "दीडशे वर्षांचं आमचं कौल" म्हणून. ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, मिशनने मंगळूरला तेव्हा कौलांचा कारखाना काढला. कौल नंतरचं असणार. पण पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन-स्विस मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली, कौल त्याआधीचं धरलं तर शंभरी तरी ओलांडली असेल. आजोबांनी घर बांधताना जुन्या घराची कौलं वापरली होती, त्यांतलं हे. वेगळं काढून ठेवलं. हिशोबात धरायचं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. पुणे

ताईला फोन करून खरं क्षेत्रफळ सांगितलं. ती म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस ना?" सॉफ्टवेअरचा.

या आठवड्यात पत्र्याचा पर्याय नीट तपासला. १९० मध्ये काय येतं आणि काय नाही, हे ठेकेदाराला एकेक करून विचारलं. जुनं छप्पर उतरवणं येतं. जुनी कौलं आणि लाकूड तो घेऊन जाणार, म्हणजे त्याचे पैसे त्याला. पन्हाळ वेगळं. "बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर." म्हणजे ३,८४,७२७. पत्रा किती जाड, तर "पॉइंट पाच". नमुन्याचा तुकडा मागवला होता, तो ऑफिसच्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये स्क्रू गेजने मोजला: ०.४४, रंगासकट. पुन्हा फोन केला तर म्हणाला तो नमुना जुना होता. असेल. पण मग भावपत्रकावर जाडी लिहून द्या म्हटलं, तर आज चार दिवस झाले, पत्रक आलेलं नाही.

पत्र्याच्या बाजूने बोलायचं तर वजन. सगळा पत्रा मिळून सातशे-साडेसातशे किलो, कौलांच्या आठव्या हिश्शाएवढा. आणि माकडं. काका सांगतात वर्षाला साठ कौलं माकडं फोडतात. आंब्यावरून छपरावर, छपरावरून नारळावर, रोजचा रस्ता. गावातली निम्मी घरं पत्र्याची झाली ती हौसेने नाही, माकडांपायी. कोणी शहरातून येऊन "कौलारू घरं गेली हो" म्हणून हळहळलं की गावातले लोक गप्प बसतात, ते उगाच नाही.

ही साठ कौलंही मांडली पाहिजेत. ४२ रुपयांचं नवं कौल, साठांचे २,५२०, आणि एका गड्याचे दोन दिवस, १,४००. वर्षाला ३,९२०. वीस वर्षांत, आजच्याच भावाने, ७८,४००. कौलांच्या पर्यायाला हा आकडा कायम चिकटवायचा. उद्या कोणी विसरायला नको, मी धरून.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दापोली

लाकडाच्या वखारीत. हिशोब घनफुटाचा: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटांत, गुणाकाराला १४४ ने भागायचं. वासा ४ बाय अडीच, २० फूट, म्हणजे १.३९ घनफूट. असे १४, साडेएकोणीस घनफूट. रिपा २ बाय १ च्या, एका पाख्याला २० ओळी, ४४ फुटी, दोन्ही मिळून १,७६० फूट, साडेचोवीस घनफूट. आढ्याचा तुकडा ८ बाय ५, १४ फुटी, चारला थोडा कमी. बेरीज पावणेअठ्ठेचाळीस. कापाकापीत जाणारं दहा टक्के धरून साडेबावन्न. ऐन-किंजळ मिळून भाव १,६०० रुपये घनफूट. ८४,०००.

आता गंमत. समोरच एका गिऱ्हाइकाचे वासे कापून पडले होते, "४ बाय अडीच"चे. टेप लावला: पावणेचार बाय सव्वादोन. करवतीत गेलं, म्हणाले, सगळीकडे असंच असतं. गणित केलं तर चार गुणिले अडीच दहा, आणि पावणेचार गुणिले सव्वादोन साडेआठच्या आत. शंभर घनफुटांचं बिल भरून चौऱ्याऐंशी घरी न्यायचं. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं की कापल्यानंतर मोजायचं आणि त्यावर बिल, भाव मात्र १,६०० चा खाली येणार नाही. माझी पुण्याहून आलेली गाडी बाहेर उभी नसती तर तोही आला असता, हे मेस्त्रींचं मत.

काकांचा आग्रह: आपल्याच वरकस जमिनीत किंजळ उभा आहे, तो तोडू. "काळोखात तोडलेलं लाकूड किडत नाही, अमावस्या गाठू." किडण्याचं मला माहीत नाही, पण १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत किंजळ आहे, ऐनही आहे, आपल्या जमिनीतला असला तरी वनखात्याची परवानगी काढावी लागते. ती यायची कधी, लाकूड वाळायचं कधी. ओला वासा वर चढवला तर पहिल्या उन्हाळ्यात पिळवटतो आणि वरची ओळ उचलते. हा पर्याय काढला. काका नाराज.

परतताना अजून एक खर्च सापडला, जो कुठल्याच भावपत्रकात नसतो. आमचं घर रस्त्याच्या खाली आहे. ट्रक वरच्या वळणावर थांबतो आणि तिथून पाखाडीच्या १०४ पायऱ्या. जे येईल ते डोक्यावरून उतरवायचं. कौलामागे ४ रुपये सांगितले, लाकडाचे उक्ते ४,०००. पायऱ्या मी मोजल्या, कारण मजूर मोजतातच.

२३ फेब्रुवारी, रविवार. पुणे

तिसरा पर्याय, लोखंडी सांगाड्यावर कौलं. आजकाल बरेच जण हाच करतात, वाळवीचा प्रश्न मिटतो. ८० बाय ४० चे पाइप चार-चार फुटांवर, एका पाख्याला १२, दोन्हीकडचे मिळून ७३० किलो. रिपांच्या जागी इंची पाइप, तोही तितकाच, ७५० किलो. हे बघून चमकलो. आडव्या बारीक पाइपचं वजन उभ्या जाड पाइपांपेक्षा जास्त! दर साडेबारा इंचांवर एक लागतो ना. जोडाचे आडवे पाइप २०० किलो. एकूण १,६८० किलो, जोडकाम आणि प्रायमर धरून १०५ रुपये किलो, वर १८ टक्के कर. कौलं, मजुरी, वाहतूक मिळून ३,१९,२९२. वेल्डिंगला गावातलं व्होल्टेज पुरत नाही, जनरेटर आणावा लागेल, तो यात धरलेला नाही.

१४ मार्च, शुक्रवार. गाव, शिमगा

सगळे गावात. पालखी दुपारनंतर येणार होती, तोवर बैठक पडवीत.

बैठकीआधी थर्मामीटर घेऊन दोन घरं फिरलो. दुपारी २ वाजता आमच्या माजघरात, कौलांखाली, ३२.५. शेजारच्या आत्याच्या नव्या पत्र्याखाली, पंखा चालू असताना, ३८.५. आत्या म्हणाली पावसात तर टीव्ही बंदच ठेवते, ऐकू येत नाही. तिला पत्र्याखाली छत करून घ्यायचं आहे, त्याचे वेगळे पैसे. तिने आधी कोणी सांगितलं नाही म्हणून आम्हालाच बोल लावले.

मग जुन्या पद्धतीच्या लाकूड-कौलं पर्यायाचा पूर्ण हिशोब वाचून दाखवला. यातली मुख्य चाल मेस्त्रींची आहे: नवी-जुनी कौलं एका पाख्यावर मिसळायची नाहीत. छपरावर एकाच जुन्या कारखान्याची चांगली कौलं साधारण १,५५० निघतील. त्यांतली १,२१६ पूर्वेला, कमी पावसाच्या बाजूला. पश्चिमेचं पाखं पूर्ण नवं.

लाकूड ८४,०००
नवी कौलं १,२८० (४२ रु.) आणि आढ्यावरची ४० (९० रु.) ५७,३६०
मजुरी: १२ दिवस, दोन सुतार १,२०० ने, चार गडी ७०० ने ६२,४००
वाळवीचं औषध, तेल ९,०००
खिळे, पट्ट्या ६,५००
ट्रक ९,०००
पाखाडीवरून उतरवणं ९,२८०
ताडपत्री ५,५००
एकूण २,४३,०४०

त्यावर न दिसणाऱ्यासाठी १२ टक्के, २९,१६५. म्हणजे २,७२,२०५.

ताईने विचारलं, बाराच का, दहा का नाही, पंधरा का नाही. खरं उत्तर हे की बारा म्हटल्यावर बेरीज पावणेतीनच्या आत राहत होती. ते मी दिलं नाही.

माकडांचे ७८,४०० मिळवले तर साडेतीन लाखांवर जातं आणि पत्र्याशी जवळजवळ बरोबरी होते, हेही वाचलं. म्हणजे पैशांवर निवाडा लागत नाहीच. आई इतका वेळ पुरणाच्या पोळ्यांची चळत झाकत होती. ती म्हणाली, "मला त्या तापल्या पत्र्याखाली दुपारचं पडायला सांगू नका. बाकी तुम्ही ठरवा." बाकी काही उरलं नव्हतं. काकांनी अट घातली, आंब्याच्या छपराकडच्या दोन फांद्या आधी उतरवायच्या. मान्य.

पालखी आली, नाचली, काकांनी गाऱ्हाणं घालताना छपराचाही उल्लेख केला.

३० मार्च, गुढीपाडवा

मेस्त्रींना विसार दिला, २०,०००. मला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात हवी होती. मेस्त्री हसले. एप्रिलमध्ये गडी कुठून आणायचे? सगळे आंब्याला. बागांतून नेपाळी कामगार आहेत तरी गावातला माणूस मोकळा नसतो, आणि असला तर ७०० ला येत नाही. अक्षय्य तृतीयेनंतर बघू, म्हणाले. म्हणजे मे. पाऊस ७ जूनचा धरला तर महिना हातात राहतो. ठीक.

५ मे, सोमवार. गाव

नारळ फोडून सुरुवात. कौलं उतरवायची म्हणजे माणसांची साखळी: एक आढ्याजवळ, एक पाख्याच्या मध्यावर, एक शिडीवर, एक खाली. हातातून हातात. फेकाफेक नाही. मी खाली वेगळं करायला बसलो. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायचं, टण्ण वाजलं तर डावीकडे, भद् आवाज आला तर उजवीकडे. कौलाला दिसणारी चीर नसली तरी आवाज खोटं बोलत नाही. संध्याकाळी उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. पूर्वेच्या पाख्यावरून ८७० चांगली निघाली.

हर्णैकडच्या एका रिसॉर्टवाल्याचा माणूस तिसऱ्या प्रहरी येऊन गेला. जुनी कौलं १२ रुपयांनी घेतो. त्यांना "गावच्या घराचा फील" हवा आहे. बघू, आधी आमचं घर.

९ मे, शुक्रवार

पश्चिमेची वळचण उघडली आणि हिशोब बदलला.

भिंतीवर वासे ज्यावर टेकतात ती तुळई खालून, घरातून, नवी वाटावी अशी होती, दरवर्षी तेलपाणी केलेली. वरची बाजू, जी साठ वर्षं कोणी पाहिली नाही, ती मेस्त्रींनी हाताने उचलली. अक्षरशः मुठीत आली. १६ फूट लांबीची कुजलेली. आणि जानेवारीत स्क्रू-ड्रायव्हर न घुसलेले सात वासे तिच्यावर टेकतात त्याच्या खालच्या अंगाने पोखरलेले. १४ चे २१ झाले.

जास्तीचं लाकूड: वासे ९.७ घनफूट, तुळई ६ बाय ४, २.७. कापाकापी धरून १३.६. २१,८०० रुपये. राखीव एकोणतीसमधले एका दिवसात सात उरले.

मेस्त्रींना म्हटलं, हे जानेवारीत कळायला काय करायला हवं होतं? ते म्हणाले, "वळचणीची तीन ओळी कौलं काढून वरनं बघायचं. मी म्हटलो होतो, तुम्हाला गाडी गाठायची होती." हे मला आठवत नाही. पण २६ जानेवारीला चारची गाडी होती हे खरं आहे.

२० मे, मंगळवार

पाऊस. वळीव नव्हे, लागून. पूर्वेचं पाखं १६ तारखेला पुरं झालं. पश्चिमेचे वासे आणि रिपा बसल्या, कौलं १९ पैकी ११ ओळी. वरच्या आठ ओळी उघड्या. अंदाजात ताडपत्री एकच, ती पूर्वेसाठी आणलेली, आणि तिला खिळ्यांनी पंधरा भोकं पडली आहेत.

दापोलीहून दोन मोठ्या आणल्या, ८,४००. दुकानदाराने कालपेक्षा जास्त लावले असतील, पण काल मी नव्हतो.

२४ मे, शनिवार

आज कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं. रात्रभर आम्ही तिघं आळीपाळीने ताडपत्रीच्या दोऱ्यांपाशी. पहाटे वाऱ्याने एक कोपरा सुटला आणि दोरी काकांच्या हातातून गेली. माजघरात घोटाभर पाणी. देव कपाटात हलवले. पाण्याने नव्हे, ताडपत्रीच्या फटकाऱ्याने रचलेली सहा नवी कौलं फुटली.

मजूर दोन दिवस बसून होते. पाऊस पडला तर खाडा धरायचा की अर्धी मजुरी, हे बोललोच नव्हतो. अर्धी दिली. (नंतरची भर: २५ तारखेला मान्सून महाराष्ट्रात आल्याचं जाहीर झालं, २६ ला मुंबईत.) माझ्या वहीत ७ जून लिहिलेलं आहे.

१ जून, रविवार

२९ तारखेला शेवटची ओळ आणि आढ्याची कौलं बसली. काचेचं एक कौल देवघरावर टाकलं, आईची मागणी, १८० रुपये, काकांनी स्वतःच्या खिशातून दिले आणि ते वहीत लिहू नको म्हणाले.

शेवटचा हिशोब. मूळ २,४३,०४० मध्ये जास्तीचं लाकूड २१,८००, मजुरीचे वाढीव पाच दिवस (खाड्याची अर्धी मजुरी मोडून धरली) २६,०००, ताडपत्र्या ८,४००. एकूण २,९९,२४०. राखीव धरून केलेल्या अंदाजापेक्षा २७,०३५ वर. तिघांत माणशी ९९,७४७, वरचा एक रुपया माझ्याकडे आला. ताईने रात्रीच पाठवले, सोबत ११ जानेवारीच्या "पावणेदोन लाखांत होतंय"चा स्क्रीनशॉट.

उरलेली जुनी ३३० कौलं रिसॉर्टवाल्याला द्यायची का, यावर मत फुटलं. काका नाही म्हणतात. पूर्वेचं कौल फुटलं तर त्याच घराण्याचं लागेल, बाजारात ते मिळत नाही. बरोबर आहे. न्हाणीच्या भिंतीला रचून ठेवली, सर्वांत वर बासेल मिशनचं.

नवी: १,२८० आणली, ट्रकमध्ये आणि पाखाडीवर २३ फुटली, वादळात ६, वर १,२१६ चढली. शिल्लक ३५.

१५ जून, रविवार. पुणे

काकांचा फोन. तीन दिवस संततधार, माजघर कोरडं, पातेलं मोरीत गेलं. आंब्याच्या फांद्या तोडल्यामुळे माकडं आता नारळावरून येतात. सकाळी पश्चिमेला दोन कौलं फोडली.

शिल्लक ३३.